शिवेवर उभी केलेली गाडी

मुक्कामाची जागा मी पाच गोष्टी बघून ठरवत असे. त्या पाचही वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या होत्या. जमीन सपाट हवी. वर विजेची तार नको. जीपला ट्रेलरसकट वळता यावं इतकी मोकळीक हवी. पाणी पाचशे पावलांच्या आत हवं. जागा कोणाची ते माहीत हवं, म्हणजे रात्री कोणी उठवायला येत नाही. दोन वर्षांत साठेक मुक्काम मी या पाच ओळींवर काढले.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बायांच्या हाताला दुसरं काही काम मिळावं म्हणून यवतमाळच्या एका संस्थेनं बचत गटांना शिवणयंत्रं दिली होती. ती गावोगाव गोणपाटाखाली गंजत पडली होती, कारण शिकवणारं कोणी नव्हतं. मी वणीत वीस वर्षं शिवण शिकवलेली. नवरा कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून आजारपणामुळे लवकर घरी बसलेला. त्यानं आणि त्याच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली बसवली. दोन चाकं, पुढे जीपला जोडायचा दांडा, आणि जीप सोडली की दांड्याखाली लावायचा लोखंडी टेकू. आत चार मशिनी, दोन बाजूंना दुमडणाऱ्या फळ्या, एक स्टोव्ह. आम्ही त्याला डबा म्हणायचो. मिस्त्रीच आपल्या जीपनं डबा ओढून न्यायचा, गावात उभा करायचा, घरी जायचा आणि ठरलेल्या दिवशी परत यायचा.

नवऱ्याच्या आजारपणाबद्दल आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. डब्यात सगळी निजानीज झाली की तिची टिकटिक मला ऐकू येई. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं: ताप आला तर घरी वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, लगेच दवाखाना. झडपेवर जंतू बसले तर मग आमच्या हातात फार राहत नाही. गोळ्या, थर्मामीटर, कागदपत्रं मी एका छोट्या पेटीत ठेवली होती. सुरुवातीला दर मुक्कामी जवळचा दवाखाना किती लांब हेही वहीत लिहीत होते. मग साठ मुक्कामांत त्याला एकदाही ताप आला नाही आणि मी ते लिहिणं सोडलं.

त्या दिवशी आम्ही झरी जामणी तालुक्यातल्या आतल्या गावाला निघालो होतो. आश्विन अर्धा झाला होता. वाटेतली कपाशीची पराटी लाल पडलेली, पानं तांब्यासारखी, आणि बोंडं अर्धी उघडून तशीच थांबलेली. वेचणीचे दिवस असून शेतात माणूस नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "भाभी, आज इतवार है क्या?" रविवार नव्हता. वेचणीच्या दिवसांत रविवारही कोणी पाळत नाही.

गावाच्या तोंडाशी एक माणूस नाल्यावरच्या रपट्यावर बसला होता. त्याच्या मागे गावातल्या झाडून साऱ्या बैलगाड्या ओळीनं उभ्या होत्या, जू जमिनीला टेकलेलं. बैल एकही नाही.

"आज नाई जमत, मॅडम," तो म्हणाला. "गावात ताप हाय. हातपाय धरून राह्यला. घराघरात हाय."

"मग वर्ग राहू द्या. मुक्काम तरी करतो, शाळेच्या पटांगणात."

"शाळेत नाई. गावातच नाई." तो आमच्याकडे बघतच नव्हता, डब्याच्या चाकांकडे बघत होता. "चाकाचं काही आज आत येत नाई. आमच्या गाड्या बी बाहेर काढल्या."

"काहून?"

"काढल्या," तो म्हणाला, आणि रपट्यावरून उठून रस्त्याच्या मधोमध येऊन बसला.

मिस्त्रीला घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. नवरा त्याला चिडवत होता, "अरे, तू घरी नसलास तर पाहुणे लगेच हो म्हणतील." मिस्त्री हसला नाही. "उस्ताद, यहां कुछ चल रहा है इनका. थोडं पुढं लावू."

गावाला बाहेरून वळसा घालून आम्ही पुढे गेलो. पश्चिमेला पाऊण कोसावर या गावाची हद्द संपून पुढच्या गावाची सुरू होत होती. तिथे शिवेवर सागाच्या दोन झाडांमधे एक तुकडा इतका सपाट आणि स्वच्छ होता की कोणी झाडून ठेवल्यासारखा. तार नाही. वळायला जागा. नाल्यात पाणी. पाचव्या ओळीपाशी मी क्षणभर थांबले आणि मग लिहिलं, "मालक: कोणीही नाही. शीव." मला वाटलं, ही तर सगळ्यात चांगली. दोन्ही गावांना विचारायला नको.

डाव्या चाकाच्या वाटेत एक लाकडी गाडी पडली होती, वीतभर. छान काम होतं, चाकं फिरत होती, वर पिवळट चिंधी बांधलेली. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, त्यातल्याच कोणाची तरी राहिली असेल असं मी धरून चालले. चाकाखाली चुरा झाला असता. मी ती उचलली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि ज्याची असेल त्याला दिसावी म्हणून डब्याच्या पायरीवर नीट ठेवली. मिस्त्रीनं टेकू लावला, चाकांना दगड लावले, "कल दस बजे," म्हणाला आणि गेला. नवरा तेव्हा ठणठणीत होता. निदान तसं म्हणाला तरी.

ऊन उतरताना एक म्हातारा चार शेळ्या घेऊन आला. वीस पावलांवर थांबला. शेळ्या पुढे आल्या, तो आला नाही.

"बाई, थे गाडी कोनं ठेवली तिथं?"

"आमचीच आहे, बाबा. सकाळी नेणार."

"मोठी नाई. लहानी. पायरीवरची."

"ती मी उचलून ठेवली. चाकाखाली येत होती. तुमच्या गावातल्या पोराची आहे का?"

त्यानं डब्याचा पुढचा दांडा लांबूनच बघितला. मग विचारलं, "बैल कुठी हाय तुमचे?"

"बैल नाहीत. जीप आहे, सकाळी येईल."

"आत कोन हाय?"

"माझे मालक."

"बरे हायेत?"

तेवढ्यात आतून नवऱ्यानं विचारलं, "अगं, पांघरूण कुठे ठेवलंस? थंडी वाजतेय." आश्विनातली ती संध्याकाळ होती, माझ्या पाठीला घाम होता. म्हाताऱ्यानं ते ऐकलं. शेळ्यांना हाक न मारताच तो वळला, आणि शेळ्या आपोआप त्याच्यामागे गेल्या.

मी वहीत वेळा लिहिल्या. साडेसहा, नव्व्याण्णव. सव्वासात, एकशे एक. आठ, एकशे तीन. त्याच्या हाताची बोटं सुजून वाकेनात. मोबाइलला रेंज नव्हती. तेव्हा त्या भागात ती वणीच्या बाहेर पडलं की संपायची. डांबरी रस्ता पूर्वेला, मधे हे मागचं गाव धरून तीन गावं. मिस्त्री येणार दहाला, म्हणजे चौदा तासांनी.

"हेडमास्तरीण," नवरा म्हणाला, "तोंड का पाडलंस? तापच आहे. उतरेल."

"तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवतंय ना?"

"ते डॉक्टर. त्यांना तसं सांगावंच लागतं." त्याचे दात वाजत होते. टिकटिक मला पंख्याच्या पात्यासारखी जलद ऐकू येत होती.

मी त्याला पाणी पाजलं, दार बाहेरून लावलं आणि बॅटरी घेऊन मागच्या गावाकडे निघाले. एक बैलगाडी मागायची, डांबरीपर्यंत पोचवा म्हणायचं, पाया पडायचं. पाऊण कोस मी जवळपास पळतच गेले. रपट्यावरचा माणूस नव्हता. रिकाम्या गाड्यांची ओळ तशीच होती. गावात एकही दिवा नाही, कुत्रं भुंकत नाही, आणि तरी माणसं जागी आहेत हे कळत होतं, कारण भिंतीमागे कोणी खोकलं की लगेच ते खोकणं दाबलं जाई.

पहिल्याच घराच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. मी दार ठोठावलं.

"दार नाई उघडत, बाई," आतून बाईचा आवाज आला, अगदी दाराजवळून. ती आधीपासूनच दाराला लागून उभी होती. "जाय."

"माझ्या माणसाला दवाखान्यात न्यायचंय. एक गाडी द्या फक्त. मी विनवते."

"गाडी नाई चालत आज."

"त्यांच्या हृदयात झडप बसवलीय, माय. हा ताप त्यांना मारेल. एका रात्रीत मारेल."

आत कोणीतरी पुटपुटलं. बाईनं विचारलं, "थे लहानी गाडी तूच उचलली काय?"

"हो. मला माहीत नव्हतं ती कसली ते. परत ठेवते जागेवर."

"आता ठेवून होत नाई." मग आवाज दाराच्या फटीपाशी आला. "गाडीत जाऊन बस. दिवा इझव. काही झालं तरी बोलजो नको, बाहेर पाहजो नको. जाय, माय. उशीर नको करू."

मला संताप आला होता. परतताना मी मोठ्यानं बोलत होते, कोणाला ते माहीत नाही. डब्यापाशी आले आणि बॅटरी फिरवली, तर चारी कोपऱ्यांना लिंबाचे ताजे डहाळे बांधलेले होते. दाराची बाहेरची कडी मी लावली होती तशीच होती.

"कोणी आलं होतं?"

"नाही तर," नवरा म्हणाला. "तूच केव्हाची बाहेर फिरतेयस. पाय दुखत नाहीत का तुझे?"

मी दिवा विझवला. कोणी सांगितलं म्हणून विझवला असं मी तेव्हा मानलं नाही, रॉकेल वाचवतेय असं स्वतःला सांगितलं. ओला पंचा त्याच्या कपाळावर ठेवून बसले. डबा सपाट उभा आहे का हे बघायला मी फळीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवत असे. खिडकीतून येणाऱ्या चांदण्यात ती दिसत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मी घड्याळ बघितलं नाही, माझ्यासारखीनं बघितलं नाही. बाटलीतलं पाणी एका बाजूला सरकलं.

पुढचा दांडा कोणीतरी उचलला होता. चाकांचे दगड निघाल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. आणि डबा चालू लागला.

इंजिन नाही, बैलांच्या गळ्यातली घंटा नाही, हाकारा नाही. फक्त अनवाणी पावलं, खूप, मातीत दबून पडणारी, आणि दोर ताणल्याचा करकर आवाज. कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मशिनींच्या चाकांची हलकी खडखड होत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि नवऱ्यानं अर्धवट ग्लानीत विचारलं, "जीप आली?"

"आली," मी म्हटलं. "झोपा."

लहानपणी ऐकलेलं मला तेव्हा आठवलं. साथ आली की लोक देवीचा लहानसा गाडा करून आजार त्यात बसवतात आणि शिवेवर नेऊन ठेवतात. पुढचं गाव तो आपल्या हद्दीतून पलीकडच्या शिवेवर नेतं. सूर्य उगवायच्या आत. न बोलता, मागे न बघता. पश्चिमेच्या गावानं शिवेवर ठेवलेला आणि आता मागच्या गावानं पुढे न्यायचा तो गाडा मी उचलून माझ्या गाडीच्या पायरीवर बसवला होता आणि आत तापानं फणफणलेला माणूस निजवला होता. आता लहान गाडा तेवढा उचलून नेता येणार नव्हता. सगळंच न्यायला हवं होतं.

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. नको म्हटलं होतं, तरी बघितलं. पाठी दिसल्या, वीस-पंचवीस, डोक्यावरून पांढरी फडकी घेतलेल्या. दांड्याला आडवा बांबू बांधला होता आणि जुवाखाली बैल असावेत तशी माणसं त्याखाली खांदे लावून चालली होती. काहींचं चालणं वाकडं होतं, गुडघे धरलेल्या माणसांचं असतं तसं. त्यांनाही ताप होता.

डबा थांबला. टेकू लागला. पावलं पांगली, आलेल्या दिशेला, एकानंही मागे वळून बघितलं नाही. मग काहीच नाही. मी नवऱ्याच्या झडपेची टिकटिक मोजत राहिले, चारशेपर्यंत मोजली. नंतर समोरून दुसरी पावलं आली. यांचा वास वेगळा होता, तेंदूच्या विडीचा, आणि यांच्यात कोणीतरी दम्याचं होतं. दांडा उचलला गेला. बाटलीतलं पाणी सरकलं.

या दुसऱ्या गावातून जाताना पत्र्याच्या भिंतीला लागून, अगदी हाताच्या अंतरावर, एक लेकरू रडत होतं. तापाचं रडणं असतं तसं, बारीक, दमलेलं. मग ते मागे पडलं. त्या वेळी मला नीट कळलं की आम्ही पूर्वेकडे जातोय. आणि हेही कळलं की मी दार उघडून "अहो, हा साधा ताप आहे, यात देवीचं काही नाही, यांना घेऊन जाऊ नका" असं म्हणाले असते तर ते थांबले असते. त्या लोकांना मी समजावू शकले असते. वीस वर्षं मी तेच काम केलं होतं. ज्या आजाराला ते घाबरत होते तो एका गावानं दुसऱ्याच्या दारात टाकायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि मी आत बसून ते होऊ देत होते. मी ओठ दाताखाली धरून बसले. डांबरीपर्यंत मधे अजून एक गाव होतं.

तिसऱ्या गावाला वेळ लागला. चढ होता. एकदा डबा मागे सरकायला लागला आणि बाहेर कोणीतरी कण्हलं; तेवढाच माणसाचा आवाज मी त्या रात्री बाहेरून ऐकला. नवऱ्याचा श्वास उथळ झाला होता. त्यानं एकदा डोळे उघडून स्पष्ट विचारलं, "बाहेर एवढे लोक का आहेत? मला नेतायत का?" मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पाणी सपाट झालं तेव्हा फटीतून करडा उजेड येत होता. पावलं गेली. मी शंभर मोजले आणि दार उघडलं. डबा डांबरी रस्त्याच्या कडेला उभा होता, बंद पडलेल्या कापूस खरेदी केंद्रासमोर. केंद्राच्या कुंपणाच्या तारेला जुन्या कापसाचे पुंजके लटकले होते आणि वारा नसताना हलत होते. टेकू नीट लावलेला, चाकांना दगड लावलेले. पायरीवर लाकडी गाडी नव्हती.

पहिलाच ट्रक कोळशाचा होता, वणीकडे जाणारा. मी रस्त्याच्या मधे उभी राहिले. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, मग डब्यात डोकावून केबिनमधली मागची फळी मोकळी केली. सातच्या आत नवरा दवाखान्यात होता. रक्ताचे नमुने, सलाईन, इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत. सकाळी दहापर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो. इतक्या आतून रात्रीतून आणलं कसं, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोकांनी मदत केली.

मिस्त्री ठरल्याप्रमाणे दहाला, आतल्या कच्च्या वाटेनं, शिवेवर गेला होता. डबा नाही, माणसं नाहीत. "भाभी, टायरचे निशाण होते, पण जीपचे नाही," तो मला दवाखान्यात सांगत होता. "और दोनों तरफ पैर. इतने पैर. मैं तो कुरान की आयत पढ़ते पढ़ते भागा." पाहुण्यांनी मुलीला पसंत केलं होतं. पेढ्याचा पुडा हातात असून तो उघडायचं त्याला सुचत नव्हतं.

महिन्याभरानं नवरा हिंडूफिरू लागला. राहिलेला वर्ग पुरा करायचा होता, आणि मला आभार मानायचे होते. डबा डांबरीलाच लावून मी एकटी पायी आत गेले. तिन्ही गावांत विचारलं. तिन्ही गावांत एकच उत्तर.

"आम्ही? त्या राती कोनी घराबाहेरच नाई गेलं, बाई."

असं म्हणणाऱ्या एकाच्या खांद्यावर बांबूचा वळ अजून काळा होता. मी तिकडे बघतेय हे पाहून त्यानं सदरा सारखा केला.

पहिल्या गावात मी ते दार ओळखलं. पन्नाशीची बाई बाहेर आली, आवाज तोच. तिची बोटं अजून नीट वळत नव्हती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "शिकवतेस तं शिकव. बाया तयार हायेत. पर थे गाडी आत आनजो नको. कधीच नाई."

"आणि माझे मालक? ते मशीन दुरुस्त करतात."

"त्याले बी नाई." तिनं हे रागानं म्हटलं नाही. "जे शिवेबाहेर काढलं थे परत येत नाई, माय. डांबरीले शीव नसते. तिथं ठेवलेलं जिकडं जायचं तिकडं जाते. तो गेला."

"ते जिवंत आहेत, माय. तिकडे बसलेत, चहा पितायत."

"चांगलं हाय," ती म्हणाली. "तिथंच बसू दे."

मग त्या हिवाळ्यात वर्ग असा चालला. रोज सकाळी सात-आठ बाया डांबरीपर्यंत चालत यायच्या. एक मशिनीचं डोकं उचलायची, दोघी मिळून खालचा लोखंडी सांगाडा. ओळीनं दीड कोस आत न्यायचं, चार वाजता परत आणून ठेवायचं. मशीन बिघडलं तर ते डब्यात न्यायचं, दुरुस्त झालं की परत. नवरा डब्याच्या दारात स्टुलावर बसलेला असायचा. पहिल्या दिवशी त्यानं हात वर करून "राम राम" केला. एकीनंही मान वळवली नाही. त्याच्या समोरून, त्याच्या गुडघ्यांना पदर लागेल इतक्या जवळून, त्या मशिनी उचलून नेत होत्या, आणि तिथे स्टूल रिकामं असावं तशा बोलत होत्या.

"काय गं," तो संध्याकाळी मला म्हणाला, "मी दिसतो ना तुला?" हसत म्हणाला, पण उत्तराची वाट बघत राहिला.

शेवटच्या दिवशी मशिनी परत आल्या. ती दारामागची बाई सगळ्यांच्या मागे होती, डोक्यावर मशिनीचं डोकं. नवरा आत झोपला होता. तिनं ओझं माझ्या हातात दिलं, डब्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पदर नीट करत, समोरच्या बंद केंद्राकडे बघत हळूच विचारलं, "झडप कशी हाय त्याची?"

"बरी आहे," मी म्हटलं. "तुमच्यामुळे—"

"आमच्यामुळं काई नाई." ती लगेच निघाली. चार पावलांवर, वळून न बघता, म्हणाली, "मी इचारलं म्हनून त्याले सांगजो नको."

मी सांगितलं नाही.